सव्वीस मूर्तींची नजर

हरितालिकेच्या दिवशी सकाळी साडेनऊच्या सुमारास टोकावड्यातल्या आमच्या गणपतीच्या कारखान्यात एका बाईने तिच्यासाठी ठेवलेली मूर्ती न्यायला नकार दिला. मूर्तीला तडा नव्हता. रंग ओला नव्हता. सोंड, हात, मुकुट सगळं जागच्या जागी होतं. बाईचं म्हणणं एवढंच होतं की गणपती तिच्याकडे बघत नाही. त्या मूर्तीचे डोळे मी आखले होते. त्याच दिवशी संध्याकाळी सहापर्यंत मला पुण्यातल्या एका गेम स्टुडिओला एक फाइल पाठवायची होती, आणि ती फाइल कसली आहे हे घरात कोणालाच माहीत नव्हतं.

कारखाना हा शब्द मोठा वाटतो. घराच्या मागे पत्र्याची लांब पडवी होती, तिला तिन्ही बाजूंनी प्लास्टिक बांधलेलं. समोरून माळशेजला जाणारा रस्ता. चढावर एसटी गिअर बदलायची तेव्हा फळ्यांवर ठेवलेल्या मूर्ती किंचित थरथरायच्या, आणि आण्णा, म्हणजे माझे वडील, हातातलं काम न थांबवता एकदा त्या फळ्यांकडे बघून घ्यायचे. शाडू भिजत घातलेल्या पिंपाचा वास ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत घरात असायचा. अंगाचा रंग मारायचा कॉम्प्रेसर सुरू झाला की बोलणं बंद व्हायचं, बंद पडला की पलीकडच्या ढाब्यावरचा टेप ऐकू यायचा. मूर्ती घरात असेपर्यंत आई सुकट-बोंबील शिजवत नसे. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, कधी कंटोळीची भाजी. आम्ही जेवायचो तेही पडवीच्या दारात बसून, कारण त्या दिवसांत कोण कधी मूर्ती बघायला येईल याचा नेम नसे. दहा गुंठे भात, दोन म्हशी आणि वर्षाला दीडेकशे मूर्ती, यावर घर चालत होतं.

डोळ्यांच्या कामाला आखणी म्हणतात. साच्यातून मूर्ती काढणं, घासणं, रंग देणं हे शिकवून कोणालाही येतं. आखणी तशी येत नाही. आधी पांढरा रंग, मग वरच्या पापणीची काळी रेघ, मग खालची, मग बुबुळ, शेवटी बुबुळातला पांढरा ठिपका. गणपती पाटावर, चौरंगावर, म्हणजे उंचावर बसतो. घरातली माणसं त्याच्यासमोर जमिनीवर बसतात. म्हणून बुबुळ डोळ्याच्या बरोबर मध्ये काढायचं नसतं. ते जरा खाली घ्यायचं, वरचा भाग पापणीखाली जाऊ द्यायचा. प्रत्येक मूर्तीची आखणी झाली की आण्णा ती स्टुलावर ठेवायला लावायचे आणि मला समोर जमिनीवर बसवायचे. "बगतो का तुझ्याकडं?" ते विचारायचे. बघत असेल तर मूर्ती फळीवर. नसेल तर ओल्या फडक्याने पुसून परत. मी नववीत असताना आण्णांच्या उजव्या हाताला कंप सुटला. तेव्हापासून कारखान्यातले सगळे डोळे माझे होते.

बारावीनंतर मी तीन वर्षं शहापुरात एका साप्ताहिकाच्या कचेरीत पानं लावायचं काम केलं. टोकावड्याहून सरळगाव, तिथून किन्हवलीमार्गे शहापूर, असा रोजचा एसटीचा प्रवास. पानं लावता लावता बातम्याही लिहायला लागले. संपादक मजकूर परत टाकायचे आणि सांगायचे, आधी काय झालं ते लिही, कोणाला काय वाटलं ते उरलेल्या जागेत. मला ती सवय लागली आणि अजून सुटलेली नाही. कचेरीतल्या कॉम्प्युटरवर दुपारी काम नसे. तिथे मी पहिल्यांदा संगणकात माती मळता येते हे पाहिलं. पडद्यावर एक गोळा असतो, पेनाने तो ओढायचा, दाबायचा, खरवडायचा. त्याचं डोकं होतं, नाक होतं, कानाची पाळी होते. गेममधली माणसं अशी घडवणाऱ्याला कॅरॅक्टर आर्टिस्ट म्हणतात, आणि तो पगारी माणूस असतो, हे मला एका व्हिडिओतून कळलं. साप्ताहिक बंद पडलं त्या उन्हाळ्यात मी कचेरीतला जुना लॅपटॉप घेऊन घरी आले. आई-आण्णांना सांगितलं की घरून पानं लावायचं काम मिळालंय. ते खोटं होतं. मी वर्षभरात आठ स्टुडिओंना माझी कामं पाठवली होती. सहांकडून उत्तर नव्हतं, दोघांचा नकार होता.

नववा स्टुडिओ पुण्याचा. त्यांनी टेस्ट दिली. डोंगरात औषधी मुळ्या विकणारी एक म्हातारी पूर्ण घडवायची: चेहरा, हात, लुगडं, पाठीवरची टोपली. मुदत दोन आठवडे. मी अकरा दिवसांत पाठवली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिथल्या प्रमुखांचा फोन आला. त्यांचं नाव देवयानी. मी त्यांना मॅडम म्हणत होते. मी म्हशींच्या गोठ्यात जाऊन फोन घेतला, कारण तिथे कोणी नव्हतं.

"हात कोणाचे आहेत?" त्यांनी विचारलं.

"आईचे."

"छान आहेत. लुगड्याचा काष्टा पण बरोबर आहे, तो सगळे चुकवतात. पण एक सांग, ही खाली का बघते?"

मला प्रश्न कळला नाही.

"तुझा पोर्टफोलिओ परत पाहिला मी. शिपाई खाली बघतो. लहान मुलगी खाली बघते. राक्षससुद्धा खाली बघतो. कॅरॅक्टरची नजर न्यूट्रल लागते, सरळ समोर. पुढे त्याला हलवणारा माणूस शून्यापासून सुरुवात करतो. तू त्याला आधीच कुठेतरी बघायला लावलंस तर तो काय करणार? सवय झालीय तुला कसली तरी. ती मोड. डोळे नव्याने कर, फायनल रेंडर तीन दे. गुरुवारी सहा वाजेपर्यंत. नंतर आलेलं आम्ही उघडत नाही, हे सगळ्यांना सारखंच आहे."

गुरुवारी हरितालिका होती. शुक्रवारी चतुर्थी. हातात पाच दिवस होते, आणि फळ्यांवर सव्वीस मूर्ती आखणीच्या राहिल्या होत्या.

त्या पाच दिवसांत मला वाटत होती ती भीती कामाची नव्हती. टेस्टमध्ये पास झाले तर पुण्याला जावं लागेल, आणि मी गेले तर आखणी करायला घरात हात नाही, हे मला पक्कं माहीत होतं. आण्णा संध्याकाळी पेला दोन्ही हातांनी धरून चहा प्यायचे. नापास झाले तर दहावा स्टुडिओ माझ्या यादीत नव्हता. दोन्ही बाजूंनी भीती सारखीच होती आणि ती सांगायला कोणी नव्हतं. मी ताटातली अर्धी भाकरी तशीच ठेवायचे. आई म्हणाली, "अंगात कसर हाय काय गो तुझ्या?" मी म्हटलं, पानांचं काम जास्त आहे.

सकाळी सहा ते अकरा मूर्ती, दुपारी जेवून संध्याकाळपर्यंत लॅपटॉप, असं मी ठरवलं होतं. लॅपटॉपवर मी म्हातारीची बुबुळं मोजून मध्यात आणली. वरून किती, खालून किती, दोन्ही बाजूंनी किती. चुकलं की पुसायचं, परत. पहिले दोन दिवस हात आपोआप खाली जायचा आणि मी तो वर आणायचे. तिसऱ्या दिवशी हात खाली जायचा थांबला. मला बरं वाटलं. सवय मोडली होती.

ती मोडली तेव्हा फक्त लॅपटॉपवर मोडली नाही, हे माझ्या लक्षात आलं नाही. सकाळी मी मूर्ती स्टुलावर न ठेवता टेबलावर, माझ्या डोळ्यांच्या पातळीला घेऊन आखत होते, कारण ते लवकर होतं. समोर जमिनीवर बसून बघायचं मी सोडून दिलं होतं. टेबलावर ती माझ्याकडेच बघत असायची. आण्णा त्या दिवसांत मखराच्या ऑर्डरी आणि गिऱ्हाइकं बघत होते. त्यांनी एकदाही विचारलं नाही, "बगतो का तुझ्याकडं?" आठ वर्षं डोळे मीच आखत होते, विचारायचं कारण त्यांना उरलं नसेल.

हरितालिकेला आईचा कडक उपास होता. मी सकाळी सातला तिन्ही चित्रांचं रेंडर लावलं. रेंडर म्हणजे पडद्यावरच्या मॉडेलचं पक्कं चित्र तयार होणं. त्या जुन्या यंत्राला एका चित्राला तीनेक तास लागायचे. हिशोबाने तिसरं चित्र चारपर्यंत यायला हवं होतं. ते सगळ्यात महत्त्वाचं, चेहऱ्याचं, जवळून. मग मेल, आणि हातात दोन तास. मी पडवीत कामाला लागले. साडेनऊला सखूबाई मूर्ती घ्यायला आली.

सखूबाई घाटाच्या पायथ्याच्या एका पाड्यावरून यायची. दर वर्षी एक फुटाची मूर्ती, लाल पितांबर. बाकीची माणसं मूर्तीच्या तोंडावर रुमाल टाकून तशीच डोक्यावर घेऊन जातात. सखूबाईने पाट खाली ठेवला, मूर्ती स्टुलावर ठेवायला सांगितली आणि स्वतः समोर जमिनीवर मांडी घालून बसली.

"आण्णा," ती म्हणाली, "हा आमच्याकडं बगत नाय."

"बगतो गो. नीट बस."

"बसलेय नीट. माज्या डोक्यावरून बगतोय तो. मागं रस्त्यावर एसटी यायचीय काय त्याची?"

दोघे-तिघे हसले. सखूबाई हसली नाही. "सुनेला सातवा लागलाय. घरात पोटुशी हाय म्हटल्यावर आमी विसर्जन करत नाय. हा ऱ्हायाचा आता, ती बाळंत होईपत्तुर. आदीची दोन गेली तिची. रोज सकाळ-संध्याकाळ ती ह्याच्या पुढ्यात बसायची. आणि हा तिच्या डोक्यावरून बगायचा? नाय न्यायचा मी हा."

आण्णा आले. गुडघ्यावर हात ठेवून सावकाश खाली बसले, सखूबाईच्या शेजारी. मूर्तीकडे बघितलं. मग उठले, फळीवरची दुसरी मूर्ती स्टुलावर ठेवली आणि परत बसले. मग तिसरी. त्यांना उठायला-बसायला त्रास होत होता आणि कोणी त्यांना हात दिला नाही, मीसुद्धा नाही. मी खांबाला टेकून उभी होते.

"खाली बसून बगितलंस?" त्यांनी मला विचारलं.

"नाय."

"एकदा पन?"

"पाच दिवस नाय."

"हात कुठं व्हता तुझा?"

मी त्यांना घरात नेलं. दुसरं काही सुचलं नाही. लॅपटॉपवर म्हातारी होती, मागे पहिल्या चित्राचा हिरवा पट्टा सरकत होता. मी काय आहे, कोणाला पाठवायचं आहे, कधी, आणि मिळालं तर कुठे जावं लागेल, हे सांगितलं. चार-पाच वाक्यं झाली. त्यांनी लॅपटॉपसमोर वाकून बघितलं. पहिल्यांदा चेहरा, मग हात. हात त्यांनी ओळखले, कारण त्यांनी दाराकडे, आईकडे बघितलं.

"ही सरळ बगते," ते म्हणाले.

"तशीच लागते त्यांना."

"आणि आमचा पन सरळ बगायला लागला." मला वाटलं आता ते ओरडतील. मी लहान असताना मुकुटाचं टोक तुटलं म्हणून त्यांनी मला पट्टीने मारलं होतं. ते म्हणाले, "उद्या पूजा व्हायच्या आत माती हाय ती. पूजा झाली की कोनाला हात लावता यायचा नाय. किती गेल्या?"

सव्वीसपैकी पाच मूर्ती आदल्या दोन दिवसांत घरोघरी गेल्या होत्या. एकवीस पडवीत होत्या.

"आदी ह्या. मग त्या. मग तुझं. सगळं आजच," आण्णा म्हणाले आणि बाहेर गेले.

हे लिहिताना मी त्या प्रसंगात त्यांच्या तोंडी आणखी काही घालू शकले असते. ते आणखी काही बोलले नाहीत.

ओल्या कापसाने बुबुळ उचलायचं, डाग पडला तर आण्णांनी अंगाच्या रंगाचा हात फिरवायचा, वाळायला पंख्यासमोर धरायचं, मग मी नवं बुबुळ, पापणीची रेघ, ठिपका. एका मूर्तीला दहा मिनिटं. पहिली सखूबाईची घेतली. ती खालीच बसून होती. पहिल्यांदा म्हणाली, "अजून वरूनच जातोय." पुसली. दुसऱ्यांदा म्हणाली, "डावा बगतो, उजवा नाय बगत." पुसली. दोन वेळा ओलं झाल्यावर शाडू मऊ होतो. तिसऱ्यांदा पुसायची वेळ आली तर पापणीची कडच निघून आली असती, आणि डोळा फुटलेली मूर्ती कोणी घरात घेत नाही. मी तिसऱ्यांदा आखलं. सखूबाई बसली. तिने मान थोडी डावीकडे केली, उजवीकडे केली.

"आता बगतोय," ती म्हणाली. मूर्तीवर रुमाल टाकला, पाट डोक्यावर घेतला आणि गेली. तिची सून मार्गशीर्षात बाळंत झाली, मुलगा झाला, त्यानंतर मूर्तीचं विसर्जन केलं, असं आण्णांनी मला नंतर फोनवर सांगितलं. मी तेव्हा तिथे नव्हते.

गिऱ्हाइकं जमत गेली. "काय आण्णा, बाप्पाला नंबर लागला काय चष्म्याचा?" कोणीतरी म्हणालं. दुसरा म्हणाला, "आमच्या पोरासारखा मोबाइलमदे बगत नाय ना, तेवडं बस झालं." आण्णा प्रत्येकाला जमिनीवर बसवत होते. दीड वाजता एकविसावी मूर्ती गेली. लॅपटॉपवर दोन चित्रं तयार होती, तिसऱ्याचा पट्टा नुकता सुरू झाला होता. हिशोबापेक्षा थोडा उशीर.

आता गेलेल्या पाच मूर्तींच्या मागे जायचं होतं, आणि लॅपटॉपजवळ माणूस हवं होतं. इंटरनेट माझ्या फोनवरून यायचं, म्हणजे फोनही घरीच ठेवावा लागणार होता. त्या फोनवर कॉल आला की नेट तुटायचं. म्हणून बाहेरून मला घरी फोन करून विचारताही येणार नव्हतं. मी मेल उघडी ठेवली, मॉडेल आणि दोन चित्रं जोडली, आणि आईला समोर बसवलं. आई चौथी शिकलेली. कॉम्प्युटरला तिने तोवर पुसण्यापुरता हात लावला होता. तिला पट्टा दाखवला. तो पूर्ण भरला की तिसरं चित्र कसं आणायचं ते कागदावर एकाखाली एक लिहून दिलं. नाहीच जमलं तर साडेपाचला, आहे तसं, हे बटण दाबायचं.

"कंचं?" तिने विचारलं. पडद्यावर बटणं पुष्कळ होती.

मी बोट ठेवलं. तिने कपाळावरची टिकली काढली आणि पडद्यावर त्या बटणाच्या बाजूला चिकटवली.

"पान्याचा घोट पन नाय घेतलाय मी सकाळपासून," ती म्हणाली. "चुकलं तर मला बोलायचं नाय."

आण्णांनी मोटारसायकल काढली. कंप असल्याने ते गाडी चालवायचं टाळायचे. मी चालवली, ते मागे रंगाचा डबा मांडीवर धरून बसले. टोकावड्यातल्या दोन मूर्ती अर्ध्या तासात झाल्या. तिसरी घाटाच्या बाजूला, रस्ता सोडून दोन किलोमीटर आत. ओढ्याला पाणी होतं, गाडी अलीकडे ठेवून चालत गेलो. घर बंद होतं, माणसं शेतावर होती. त्यांना बोलावून आणून डोळे आखेपर्यंत सव्वातीन झाले. चौथी सरळगावची. आम्ही पोचलो तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती. तिसरं चित्र एव्हाना तयार झालं असेल किंवा नसेल.

त्या घरी मूर्ती मखरात बसवलेली होती. घरातले म्हातारे आजोबा उंबऱ्यात उभे राहिले. "एकदा घरात आला," ते म्हणाले, "आता त्याला ब्रश लावायचा नाय."

"उद्या पूजा होईपर्यंत माती हाय, काका," आण्णा म्हणाले.

"तुमची असंल माती. आमच्या घरात आल्यावर नाय."

"बरं. तुमी एकदा खाली बसा आणि बगा. तुमच्याकडं बगत असंल तर आमी जातो."

आजोबांना ते पटलं नसावं, पण ते बसले. त्यांच्या नातवंडांना शेजारी बसवलं. घरातली सगळी माणसं एकामागून एक जमिनीवर बसली आणि गणपती त्यांच्या डोक्यांवरून दाराबाहेर बघत होता. ते दृश्य मला आज आठवतं तेव्हाही नकोसं होतं. आजोबा उठले आणि बाजूला झाले. मी मखरात वाकून, मागे चौदा माणसं बघत असताना, दोन डोळे आखले. पहिल्याच वेळी जमले. निघताना आण्णांच्या फोनला रेंज होती. मी तो हातात घेतला, घरी ठेवलेल्या माझ्या फोनचा नंबर काढला आणि न लावताच त्यांना परत दिला. मेल जात असेल तर माझ्या फोनने ती तुटली असती.

पाचवी मूर्ती मुरबाडला गेली होती. वहीत फक्त "मुरबाडचे पाहुणे" असं लिहिलं होतं. ती आमच्या शेजाऱ्यांकडे आलेल्या कोणीतरी नेली होती. शेजाऱ्यांनी सांगितलेल्या आळीत आम्ही पाच घरं विचारली. सव्वापाचला आण्णा म्हणाले, "चल आता." ती मूर्ती मिळाली नाही. त्या घरातल्या माणसांनी तिची तक्रार केली नाही, ती माणसं पुन्हा आमच्याकडे आली नाहीत, आणि त्यांनी पुढे कोणाकडून मूर्ती घेतली हे मला माहीत नाही.

मुरबाडहून टोकावड्यापर्यंत मी किती वेगाने आले ते सांगता येणार नाही. आण्णांनी मागून एकदाच माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणजे हळू. सहा वाजून वीस मिनिटांनी घरी पोचलो. घरात अंधार होता. वीज गेली होती. आई लॅपटॉपसमोर बसली होती आणि लॅपटॉप बंद होता.

"लाइट गेली चार वाजता," ती म्हणाली. "मग त्यो वर कोपऱ्यात तांबडा झाला, बॅटरीसारका. पट्टा भरला नव्हता. थोडा राहिला व्हता. मी म्हटलं ही बंद पडली तर काहीच जायचं नाय. दाबलं मी."

"किती वाजता?"

तिने कालनिर्णयाकडे बोट केलं. हरितालिकेच्या चौकोनात पेन्सिलीने लिहिलं होतं: ४ वा. २५ मि. गेलं.

म्हणजे फाइल वेळेत गेली होती, आणि चेहऱ्याचं चित्र, ज्यासाठी नजर बदलून मागितली होती तेच, त्यात नव्हतं. वीज सात वाजता आली. तिसरं चित्र पुन्हा लावलं असतं तरी मुदत संपली होती. मी ते लावलं नाही आणि पाठवलं नाही. आईला मी काही बोलले नाही. आण्णांनी रंगाचे ब्रश धुऊन उलटे ठेवले.

दुसऱ्या दिवशी आमच्या घरी गणपती बसला. तो मी त्या पाच दिवसांच्या आधीच आखला होता. दहा दिवस घरात आरती, टाळ, मोदक, अळूचं फदफदं, येणारी-जाणारी माणसं होती, आणि या सगळ्यात मी फोन पदराच्या गाठीत ठेवल्यासारखा जवळ ठेवून फिरत होते. नोटिफिकेशनचा आवाज झाला की हातातलं ताट ठेवून बघायचे. बहुतेक वेळा शुभेच्छा असायच्या. सातव्या दिवशी आण्णांनी जेवताना विचारलं, "आला काय निरोप?" मी नाही म्हटलं. त्यांनी भातावर वरण घेतलं आणि पुन्हा विचारलं नाही. मला त्या वेळी वाटलं की त्यांना नकार यावा असं वाटत असेल. तसं वाटत होतं का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही, आणि आता विचारता येणार नाही. पुढच्या वर्षी त्यांनी निम्म्याच मूर्ती केल्या आणि आखणीसाठी कल्याणहून एक कारागीर आणला, एवढं मला माहीत आहे.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी देवयानी मॅडमची मेल आली. तिसरं चित्र मिळालं नसल्याची त्यांनी नोंद केली होती. त्यांनी मॉडेल उघडून नजर तपासली होती. ती सरळ होती. तीन महिन्यांच्या उमेदवारीवर, गर्दीतल्या पात्रांच्या कामासाठी माझी निवड झाली होती. म्हणजे बाजारात, रस्त्यावर, मागून येणारी-जाणारी माणसं, ज्यांच्याकडे खेळणारा थांबून बघत नाही.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी सकाळी दहा वाजता हजर व्हायचं होतं. मी नऊ वाजून वीस मिनिटांनी इमारतीखाली पोचले आणि पहारेकऱ्याच्या वहीत नाव, गाव आणि वेळ लिहिली.